मत आमचे, शिफारस कोणाची?

निवडणुकीचे वारे वाहू लागले की परप्रांतांतील मराठी वस्तीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो: ‘यंदा आपली मते कोणाला?’ प्रश्न साधा दिसतो. विचारणाऱ्याच्या मनात काही काळेबेरे असतेच असेही नाही. परंतु त्यातील ‘आपली’ हा शब्द आम्हांला खटकतो, आणि या लेखातील आमचे सारे भांडण त्या एका शब्दाशी आहे. मत माझे असते, तुमचे असते, शेजाऱ्याचे असते. ‘आपले मत’ नावाचा पदार्थ कोणत्याही मतदान केंद्रावर आजवर कोणी पाहिलेला नाही. तरीही तो आहे असे धरून दर निवडणुकीला त्याची देवघेव चालते. मंडळाचे कोणी कार्यकर्ते उमेदवाराला हार घालून येतात, ‘आमची एवढी घरे तुमच्या पाठीशी’ असा शब्द देऊन येतात. आणि ज्या घरांचा शब्द दिला गेला त्या घरांना ती वार्ता पुढे कधी तरी सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाच्या वेळी कळते.

अलीकडे याच्याही पुढची एक सूचना कानांवर येते. ती अशी की, परप्रांतीय मराठी नियतकालिकांनी निवडणुकीपूर्वी आपल्या वाचकांची एक यादी छापावी. तीत प्रत्येकाने विधानसभेसाठी आपली पसंती कोण आणि लोकसभेसाठी कोण, हे नावानिशी व हुद्द्यानिशी सांगावे, म्हणजे इतरांना दिशा मिळेल. सूचना करणारे सुशिक्षित आहेत, आणि पाश्चात्त्य वृत्तपत्रे उमेदवारांची उघड शिफारस करतात हा दाखलाही ते देतात. दाखला खरा आहे. ही प्रथा तिकडे इतकी रुजलेली आहे की, ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या पत्राने २०२४ साली अध्यक्षपदासाठी कोणाचीच शिफारस न करण्याचे ठरविले तेव्हा त्याच्याच वाचकांनी त्याला धारेवर धरले. परंतु दाखला खरा असला म्हणून तो येथे लागू पडतोच असे नाही. परक्याच्या अंगाला बेतलेला अंगरखा आपल्याला होतो की नाही, हे घालून पाहिल्यावाचून शिंप्याला पैसे देऊ नयेत.

आमचे म्हणणे आम्ही आरंभीच मांडून ठेवतो. शिफारस करणे हे आम्ही पाप मानीत नाही. उलट, विचारपूर्वक केलेली व्यक्तिगत शिफारस हे नागरिकत्वाचे एक उत्तम लक्षण आहे असे आम्ही समजतो. आमचा विरोध तीन गोष्टींना आहे. एकाने अनेकांच्या वतीने केलेली शिफारस ही पहिली. सरकारी नोकराने हुद्द्यासकट केलेली शिफारस ही दुसरी. आणि ‘आम्हांला शिफारस करण्याची बंदी आहे’ या सबबीखाली विचार करण्याचेच सोडून देणे, ही तिसरी. या तिसऱ्या दोषाबद्दल कोणी फारसे बोलत नाही. पण तो पहिल्या दोहोंपेक्षा अधिक घातक आहे असे आमचे मत आहे.

आम्ही ज्या ठिकाणाहून हे लिहीत आहोत ते ठिकाणही या प्रश्नाला मोठे अनुरूप आहे. म्हैसूर शहरातून टी. नरसीपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात वरुणा येते. गावाशी तळे आहे, आसपास कालव्याचे पाणी खेळते, आणि अलीकडे शहराची बांधकामे शेताच्या बांधाला येऊन भिडली आहेत. केंद्र सरकारच्या निरनिराळ्या कचेऱ्यांत बदलून आलेल्या आमच्यासारख्यांची बिऱ्हाडे या बाजूला पडतात, कारण शहरापेक्षा येथे घरभाडे परवडते. या भूमीला प्रतिनिधित्वाची ओळख जुनी आहे. म्हैसूर संस्थानात १८८१ साली प्रातिनिधिक सभा भरली, तेव्हा देशातील दुसऱ्या कोणत्याही संस्थानात तसली सभा नव्हती. त्याच म्हैसूरच्या दिवाणपदावर १९०६ ते १९१२ या काळात व्ही. पी. माधवराव व टी. आनंदराव असे दोन मराठीभाषी गृहस्थ लागोपाठ बसले होते, हेही आमच्या बांधवांना ठाऊक असावे. म्हणजे येथे आपण अगदीच उपरे आहोत असे नव्हे. परंतु येथला कारभार आपल्या भाषेच्या नावाने चालावा असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे, असेही नव्हे.

मतदारसंघांच्या फेररचनेनंतर वरुणा हा विधानसभेचा स्वतंत्र मतदारसंघ झाला आणि २००८ साली त्याची पहिली निवडणूक झाली. तीत सिद्धरामय्या १८,८३७ मतांनी निवडून आले. २०१३ साली त्यांचेच मताधिक्य २९,६४१ झाले व ते राज्याचे मुख्यमंत्री झाले. २०१८ साली त्यांचे पुत्र यतींद्र येथून ५८,६१६ मतांच्या फरकाने विजयी झाले. २०२३ साली सिद्धरामय्या पुन्हा येथे उभे राहिले, समोर व्ही. सोमण्णा होते, फरक पडला ४६,१६३ मतांचा, आणि सिद्धरामय्या दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. हे आकडे आम्ही कोणाच्या कौतुकासाठी वा निंदेसाठी देत नाही. या लेखात कोणीही आमची शिफारस शोधू नये. ती सापडणार नाही, आणि का सापडणार नाही हे पुढे येईलच. आकडे देण्याचा हेतू एवढाच की, ज्या गावात मुख्यमंत्र्याची निवडणूक होते त्या गावावर शिफारशींचा पाऊस कसा पडतो, हे आमच्या वाचकांच्या ध्यानी यावे.

२०२३ च्या मे महिन्यात साऱ्या राज्याचे डोळे वरुणेकडे लागले होते. दोन्ही पक्षांचे मोठमोठे नेते येऊन गेले. शिवराजकुमारांसारखे लोकप्रिय चित्रपट-नट प्रचारफेरीत सामील झाले. कोणत्या जातीची किती मते, याच्या बेरजा वर्तमानपत्रांत रोज छापून येत होत्या. ज्याला शिफारस करता येते तो प्रत्येक जण वरुणेच्या मतदाराकडे कोणाची ना कोणाची शिफारस घेऊन आला; फक्त वरुणेचा मतदार स्वतः कोणती कारणे मनाशी मांडतो आहे, हे विचारायला फारसे कोणी आले नाही. त्या गर्दीकडे पाहता आम्हांला शिफारशीचे मोल ठरविण्याची एक कसोटी सुचली. ती अशी: शिफारस चुकली तर शिफारस करणाऱ्याचे काय जाणार आहे? नट दुसऱ्या दिवशी चित्रीकरणाला जातो. नेता पुढल्या सभेला जातो. ज्याच्या शेताला कालव्याचे पाणी वेळेवर यायचे असते, ज्याच्या मुलीला सरकारी महाविद्यालयात जागा मिळायची असते, त्याची शिफारस चुकली तर त्याला पाच वर्षे ती चूक भोगावी लागते. म्हणून एका शेतकऱ्याने पारावर बसून दुसऱ्या शेतकऱ्याला ‘मी अमक्याला देणार, या कारणासाठी’ असे सांगणे, याला आम्ही खरी शिफारस म्हणतो. बाकीची सारी जाहिरात होय.

कोणी म्हणेल, हजारोंच्या मताधिक्यात एका मताचे एवढे काय घेऊन बसलात? त्याचे उत्तर येथून फार दूर शोधायला नको. शेजारच्या चामराजनगर जिल्ह्यातील संतेमरहळ्ळी मतदारसंघात २००४ साली आर. ध्रुवनारायण यांना ४०,७५२ व ए. आर. कृष्णमूर्ती यांना ४०,७५१ मते पडली. एका मताने आमदार ठरला! पराभूत उमेदवाराच्या मोटारचालकाला त्या दिवशी मत द्यायला सवड मिळाली नाही, अशी कथा या भागात अजून सांगतात. २००६ साली चामुंडेश्वरीच्या पोटनिवडणुकीत सिद्धरामय्या अवघ्या २५७ मतांनी तरले. वरुणा लोकसभेसाठी ज्या चामराजनगर मतदारसंघात मोडते, तेथे २०१९ साली व्ही. श्रीनिवास प्रसाद यांचा विजय १,८१७ मतांचा होता, आणि हरले ते संतेमरहळ्ळीत एका मताने जिंकलेले ध्रुवनारायणच. जेथे अशी गणिते घडतात, तेथे दहा-वीस घरांच्या वतीने परस्पर शब्द देणारा गृहस्थ आपण केवळ औपचारिक शिष्टाचार पाळतो आहोत असे समजत असेल, तर तो भोळा आहे. तो दुसऱ्याच्या खिशातील नाणे आपल्या नावावर दान करीत आहे.

या घाऊक शिफारशीत आणखी एक वैगुण्य आहे. ती मतदाराला एकाच दावणीला बांधू पाहते. परंतु या देशातील मतदार राज्याचा विचार वेगळा करतो आणि देशाचा वेगळा, हे त्याने वारंवार सिद्ध केले आहे. याच कर्नाटकाने १९८४ च्या डिसेंबरात लोकसभेच्या २८ पैकी २४ जागा काँग्रेसला दिल्या. रामकृष्ण हेगडे यांनी विधानसभेचा कौल नव्याने मागितला, तेव्हा तीन महिन्यांच्या आत त्याच मतदारांनी जनता पक्षाला २२४ पैकी १३९ जागा देऊन राज्य त्यांच्या हाती सोपविले. २०२३ साली विधानसभेत काँग्रेसला १३५ जागा मिळाल्या; वर्षभरात लोकसभेच्या २८ जागांपैकी काँग्रेसला ९, भारतीय जनता पक्षाला १७ व जनता दलास २ मिळाल्या. आपल्या महाराष्ट्रात तर २०२४ या एकाच वर्षी लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीकडे गेल्या, आणि सहा महिन्यांनी विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांनी घेतल्या. मतदाराचे हे दोन कौल कोणाला आवडोत वा न आवडोत; त्यांमागे काही एक तारतम्य असते. पाटबंधारे, शाळा, पोलीस, इस्पितळ यांचा हिशेब एका तराजूत, आणि परराष्ट्र, संरक्षण, चलन यांचा दुसऱ्या तराजूत घालण्याचे ते तारतम्य आहे. ‘आपली मते अमक्या पक्षाला’ असे म्हणणारा हे दोन्ही तराजू एका फटक्यात मोडून टाकतो.

आता भाषेचा मुद्दा घेऊ, कारण आमच्या मंडळींत शिफारशीचे शेवटचे कारण बहुधा तेच असते. ‘त्याला आपल्या भाषेबद्दल आस्था आहे,’ किंवा ‘त्याची आजी मराठी होती’! लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्यातील कलम १२३ (३) प्रमाणे धर्म, वंश, जात, जमात वा भाषा यांच्या आधारावर मत मागणे हे, उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी केले तर, भ्रष्ट आचरण ठरते. ही आस्था उमेदवाराच्या धर्म-भाषेपुरतीच पाहायची की मतदाराच्याही, हा वाद होता. अभिराम सिंग खटल्यात २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने तोही मिटविला, आणि मतदाराच्या भाषेला घातलेली हाकही त्यातच मोडते असे ठरविले. उमेदवाराशी बोलून, त्याच्या संमतीने, ‘मराठी माणसांनो, याला मत द्या’ असे पत्रक काढणारा कार्यकर्ता त्या उमेदवाराच्या गळ्यात हार घालीत नसून फास घालीत असतो, हे त्याने समजून असावे.

यावर ‘मग बेळगावचे काय?’ असा प्रश्न येणारच. तो रास्त आहे. सीमाभागात भाषा हाच राजकीय प्रश्न आहे; शाळा कोणत्या भाषेत, सातबारा कोणत्या भाषेत, प्रांत कोणता, या मागण्या घेऊन महाराष्ट्र एकीकरण समितीने तेथे अनेक दशके निवडणुका लढविल्या. भाषेच्या संरक्षणाची मागणी करणे आणि भाषेच्या नात्यावर मत मागणे यांत भेद आहे, हे सर्वोच्च न्यायालयानेही जगदेवसिंग सिद्धांती खटल्यात १९६४ साली सांगितले आहे. परंतु त्या बेळगावच्या मातीतही मराठी मतदाराने तयार शिफारस डोळे झाकून स्वीकारली असे दिसत नाही. २०१३ साली समितीचे दोन आमदार होते. २०१८ व २०२३ या दोन्ही निवडणुकांत एकही निवडून आला नाही. याची कारणे काहीही असोत. जेथे रक्त सांडले, सत्याग्रह झाले, तेथेही ‘आपली मते’ हा शब्द आपोआप खरा ठरत नाही. मग वरुणेत, जेथे भाषेचा असा कोणताच झगडा नाही, तेथे तो उच्चारणाऱ्याने कोणत्या तोंडाने उच्चारावा?

येथवर आमचे बहुतेक वाचक आमच्याशी सहमत होतील. पुढचा मुद्दा कडू आहे, कारण तो आपल्या स्वतःच्या नोकरीचा आहे. केंद्रीय नागरी सेवांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील पाचवा नियम सांगतो की, सरकारी नोकराने कोणत्याही विधिमंडळाच्या वा स्थानिक संस्थेच्या निवडणुकीत प्रचार करू नये, आपले वजन खर्ची घालू नये, तीत भाग घेऊ नये. मत देण्याचा अधिकार त्याला आहे. परंतु आपण मत कोणाला देणार किंवा कोणाला दिले याची त्याने कसलीही सूचना देता कामा नये. आपल्या अंगावर, गाडीवर वा घरावर निवडणूक-चिन्ह लावणे म्हणजेसुद्धा वजन वापरणे होय, असा खुलासा त्याच नियमाला जोडलेला आहे. आमच्या कित्येक सहकाऱ्यांना हा नियम जाचक वाटतो. ‘वकील बोलतो, दुकानदार बोलतो, रिक्षावाला बोलतो, मग पदवीधर कारकुनानेच तोंड का शिवून घ्यावे? पाच वाजल्यानंतर तरी आम्ही नागरिक आहोत की नाही?’ हा त्यांचा सवाल आहे.

सवालात जोर आहे हे आम्ही नाकारीत नाही. तरीही नियमाची बाजू आम्ही घेतो, आणि ती भीतीने नव्हे, विचाराने घेतो. कारकुनाचा हुद्दा लहान असतो. पण त्याच्या खिडकीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला तो लहान वाटत नाही. निवृत्तिवेतनाचा कागद, पारपत्राचा अर्ज, टपाल कचेरीतील बचतखाते, भविष्य निर्वाह निधीचा दावा या कामांसाठी जो मनुष्य तासभर रांगेत उभा राहतो, त्याने आत बसलेल्या कारकुनाचे नाव काल एखाद्या पक्षाच्या पाठीराख्यांच्या यादीत वाचलेले असेल, तर त्याच्या मनात काय येईल? कागद खरोखरच अपुरा असल्यामुळे परत आला, तरी तो ‘मी त्यांचा नव्हे म्हणून परत आला’ असेच समजेल. आणि त्याला दोष देता येणार नाही. कारकुनाचा निःपक्षपातीपणा हा केवळ असून भागत नाही. तो समोरच्याला दिसावा लागतो.

दुसरे कारण याहूनही मोठे आहे. निवडणूक चालविणारे हात आपलेच असतात. मतदानाच्या आदल्या दिवशी यंत्रे, शाई व नोंदवह्या घेऊन खेड्यातल्या शाळेत मुक्कामाला जाणाऱ्या पथकांत केंद्रीय कचेऱ्यांतील कर्मचारीही असतात. त्यांच्यापैकी एक जण यादीत नाव पाहून मोठ्याने वाचतो, दुसरा बोटाला शाई लावून सही घेतो, तिसरा यंत्राची कळ दाबून मत देण्याची मुभा देतो. आडोशापलीकडे मतदाराला आपल्या मताची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते; ती त्याच्याखेरीज कोणी पाहू शकत नाही. कायद्याने त्या गुप्ततेभोवती केवढी तटबंदी उभारली आहे! कलम १२८ प्रमाणे मतदानाच्या कामावरील प्रत्येकाने गुप्तता राखली पाहिजे. कलम ९४ प्रमाणे तुम्ही मत कोणाला दिले हे सांगण्याची सक्ती कोणाही साक्षीदारावर करता येत नाही. कलम १२९ प्रमाणे निवडणुकीच्या कामावरील अधिकाऱ्याला वा कारकुनाला, स्वतःचे मत देण्यापलीकडे, कोणाच्या यशासाठी काडीही हलविता येत नाही. अशा तटबंदीच्या दारावर जो पहारेकरी उभा आहे, त्यानेच आदल्या महिन्यात आपली पसंती छापून आणली, तर तटाचा उपयोग काय?

हे केवळ तात्त्विक नाही. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची रायबरेलीची निवडणूक रद्द केली, तेव्हा त्या निकालाच्या आधारांपैकी एक असा होता की, यशपाल कपूर हे सरकारी सेवेत असतानाच त्यांच्याकडून निवडणुकीचे काम घेतले गेले. त्यांचा राजीनामा नेमका कोणत्या दिवसापासून अमलात आला, यावर तो वाद फिरत होता. पुढे कायद्यात दुरुस्त्या झाल्या व त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला, हे खरे. परंतु मधल्या पाच महिन्यांत या देशाने आणीबाणी पाहिली. एका सरकारी नोकराच्या साहाय्याचा प्रश्न कोठवर जाऊ शकतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. ‘माझ्या एका शिफारशीने काय होते?’ असे म्हणणाऱ्या सहकाऱ्याने ते स्मरणात ठेवावे.

येथपर्यंत नियमाची बाजू झाली. आता त्या नियमाच्या आड लपणाऱ्यांशी आमचे भांडण. नियम म्हणतो, मत कोणाला हे सांगू नका. आमच्यातील पुष्कळांनी त्याचा अर्थ असा लावला आहे की, मत देऊही नका व त्याचा विचारही करू नका. ‘आम्ही सरकारी माणसे, आम्हांला राजकारण कशाला?’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की ते वर्तणूक नियमांतच छापलेले आहे की काय, अशी शंका यावी. परिणाम असा की, येथे चार-चार, सहा-सहा वर्षे बिऱ्हाड करून राहिलेल्या मराठी कुटुंबांची नावे येथल्या मतदारयादीत नसतात. ती असतात सातारा, अकोला वा रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या मूळ गावी. आणि मतदानाच्या दिवशी गावी जाण्याइतकी रजाही नसते व इच्छाही नसते. म्हणजे मत ना इकडे ना तिकडे. मतदानासाठी कायद्याने भरपगारी सुटी दिली आहे. वरुणेहून उटी जवळ असल्यामुळे त्या सुटीचा विनियोग कसा होतो, हे आम्ही सांगावयास नको.

काही जण यावर ‘आम्ही नोकरीनिमित्त बाहेर, आमचे मत टपालाने गावी जाईल’ अशी समजूत करून घेतात. ती चुकीची आहे. १९५० च्या कायद्यातील विसाव्या कलमाने ती सवलत सैन्यदलांतील लोकांना, आपल्या राज्याबाहेर काम करणाऱ्या सशस्त्र पोलिसांना आणि भारताबाहेर नेमलेल्या सरकारी नोकरांना दिली आहे. म्हैसूरला बदलून आलेल्या कारकुनाला नव्हे. निवडणुकीच्या कामावर नेमलेल्यांना टपाली मतपत्रिका किंवा कामाच्या ठिकाणी मत देण्याचा दाखला मिळतो. पण तोही जेथे नाव नोंदले आहे तेथल्याच मतदारसंघासाठी. तेच कलम असेही सांगते की, एखाद्या गावी केवळ घर आहे म्हणून मनुष्य तेथला सामान्य रहिवासी ठरत नाही. वाडवडिलांच्या घराच्या उताऱ्यावर नाव असणे ही एक गोष्ट. त्या गावच्या रस्त्याला, पाण्याला, शाळेला आपण जबाबदार असणे ही दुसरी. जेथे आपली मुले शाळेत जातात, जेथल्या नळाचे पाणी आपण पितो, तेथे आठव्या नमुन्याचा अर्ज भरून नाव हलवून घेणे हे आपले कर्तव्य आहे. वर्षानुवर्षे वरुणेत राहून वरुणेचा मतदार न होणे, आणि तरी ‘येथले लोक कोणालाही निवडून देतात’ अशी कुरकुर करणे, याला लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात.

शिफारस नको, तर मग विचार कोठून यावा, असे आमचे तरुण मित्र विचारतील. विचाराला सामग्रीची उणीव नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, देणी, शिक्षण व आपल्यावरील फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावे लागतात. ती प्रतिज्ञापत्रे कोणालाही वाचता येतात. लोकसभेच्या सदस्याने किती प्रश्न विचारले, कोणत्या चर्चेत भाग घेतला, हे सभागृहाच्या कामकाजात नोंदलेले असते; मतदारसंघाच्या विकासासाठी त्याला दर वर्षी मिळणाऱ्या पाच कोटींचा विनियोग कोठे झाला, याचा हिशेब विचारता येतो. आम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायली वाचतो, त्यांवर टिपणे लिहितो, अपुऱ्या कागदावर शेरा मारून तो परत पाठवितो. पाच वर्षांतून एकदा उमेदवाराची फाइल अशीच वाचून मनातल्या मनात टिपण लिहिणे आम्हांला का जड जावे? ते टिपण कोणाला दाखवायचे नाही, एवढेच.

आणि ज्यांना ते दाखविता येते त्यांनी ते अवश्य दाखवावे. आमच्यात निवृत्त वडीलधारे आहेत, व्यापारी आहेत, खाजगी नोकरीतील मंडळी आहेत. त्यांना पाचव्या नियमाचे बंधन नाही. त्यांच्या शिफारशी वाचायला आम्हांला आवडतील. मात्र त्या शिफारशी असाव्यात, हाकाटी नसावी. शिफारस एकाच्या सहीची असावी. ‘आम्ही सर्व’ या सहीने नसावी. विधानसभेसाठीची कारणे वेगळी व लोकसभेसाठीची वेगळी द्यावीत. ज्याची शिफारस केली त्याचा निदान एक दोष तीत प्रामाणिकपणे लिहिलेला असावा, कारण निर्दोष उमेदवार फक्त पत्रकांतच आढळतो. त्या उमेदवाराकडून आपले काही काम व्हायचे असेल तर तेही सांगून टाकावे. आणि पाच वर्षांनी, पुढच्या शिफारशीपूर्वी, मागच्या शिफारशीचे काय झाले याचा जमाखर्च मांडावा. या अटी ज्याला जाचक वाटतील त्याची शिफारस न आलेलीच बरी.

एक आक्षेप उरतो, आणि तो आम्ही टाळणार नाही. ‘एकजुटीने शब्द दिला म्हणूनच मंडळाला जागा मिळते, मुलांच्या मराठी वर्गाला खोली मिळते, एकेकट्या विचारवंताला कोण विचारतो?’ असे अनुभवी कार्यकर्ते सांगतात. त्यांच्या खटपटींचा लाभ आम्हीही घेतला आहे, म्हणून त्यांच्याशी आम्ही आदरानेच बोलतो. पण मागणी आणि शिफारस या दोन वस्तू आहेत. वर्गाला खोली हवी असेल तर ते निवेदन सर्व उमेदवारांना, एकाच मसुद्याचे, एकाच दिवशी द्यावे. कोण काय उत्तर देतो ते जसेच्या तसे छापावे. आणि निर्णय प्रत्येक घराने आपापला करावा. यात एकजूट आहे आणि मताची विक्री नाही. शब्द देऊन मिळविलेली खोली पुढच्या निवडणुकीत दुसरा शब्द मागते. आणि आपण दिलेल्या शब्दाचा उमेदवार पडला, तर निवडून आलेल्याच्या दारात आपली मुले कोणत्या नात्याने उभी राहणार, याचाही विचार कार्यकर्त्यांनी करावा. अल्पसंख्य समाजाने सगळी अंडी एका टोपलीत ठेवण्यापेक्षा कोणाच्याच टोपलीत न ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे.

तेव्हा परप्रांतीय मराठी नियतकालिकांना आमची विनंती अशी: वाचकांच्या पसंतीची यादी छापू नका. त्याऐवजी मतदारयादीत नाव कसे हलवावे याची माहिती छापा, उमेदवारांना विचारलेले प्रश्न व त्यांची उत्तरे छापा, आणि निर्बंध नसलेल्यांच्या कारणांसह केलेल्या शिफारशी त्यांच्या सहीने छापा. आणि आमच्या सरकारी बांधवांना विनंती अशी की, ‘यंदा आपली मते कोणाला?’ असे कोणी विचारले, तर दोन उत्तरे द्यावीत. पहिले, ‘ते सांगण्याची मला मनाई आहे.’ दुसरे, ‘आणि तुमचे मत मी सांगून ठरणार असेल, तर ते तुमचे नव्हेच.’ एवढे बोलून, यादीत आपले नाव आहे की नाही ते पाहायला जावे.